नावं झाकणारी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबी एक फूट, रुंदी मात्र चांगली दीड इंच, आणि एक कोपरा चावून चावून गोल झालेला. माझ्यावरचे आकडे चारपर्यंत स्पष्ट दिसतात, त्यापुढे सगळा अंदाजपंचे कारभार आहे. म्हणून मला कुणी मोजायला घेत नाही. खरं सांगायचं तर मी आयुष्यात मोजलं थोडं आणि झाकलं फार. काय झाकलं, आणि त्यातून एकदा काय उघडं पडलं, ते तुम्हाला सांगते.

शाळेची बाकं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बाकासाठी कापलेल्या फळीची कड उरली होती. तिथल्या सुताराने तिच्या पट्ट्या पाडल्या. शेवटची मी. तोवर त्याची जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे मला आणखी तासायचा त्याने कंटाळा केला आणि मी रुंद राहिले. दुकानात गेल्यावर या रुंदीपायी माझी फार उपेक्षा झाली. मुलं मला हातात घेत, हसत आणि परत ठेवत. माझ्याबरोबरच्या सगळ्या सडपातळ बहिणी दप्तरांत बसून शाळेत गेल्या. मी काउंटरवर धूळ खात पडले आणि दुकानदार मला घेऊन पाठ खाजवू लागला.

अखेर शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एक बाई घाईघाईने आल्या. पट्टी द्या म्हणाल्या. दुकानात मी एकटीच उरले होते. घरी त्यांच्या लेकीने मला उलटसुलट करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, ही पट्टी आहे की फळी?"

"तुझ्या आईला उशीर झाला, त्याची शिक्षा आहे," बाई म्हणाल्या.

मुलगी तिसरीत होती. गणित अडलं की ती माझा कोपरा चावायची. तिचं गणित बऱ्याचदा अडायचं. पण तिने मला कधी हरवलं नाही, कुणाला मारलं नाही, आणि रोज दप्तरातून काढून जेवणाच्या टेबलावर नीट आडवी ठेवली. त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

त्याच टेबलावर समोर बसून बाई त्यांचं काम करत. टीव्हीवरच्या मालिका बनवणाऱ्या एका कंपनीत त्या संवाद तपासायच्या. लेखक मालिकेचा भाग लिहून देतो, नट तो पाठ करतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. या दोघांच्या मध्ये बाई होत्या. पात्रांच्या तोंडची वाक्यं चांगली आहेत का, माणसं अशी बोलतात का, हे पाहून त्या एक तर 'मंजूर' लिहायच्या, नाहीतर कागद परत पाठवायच्या. त्या कागदांवर डावीकडे पात्रांची नावं असत आणि उजवीकडे त्यांचं बोलणं.

एका संध्याकाळी मुलीने गृहपाठ संपवला आणि मला टेबलावर सोडून दिलं. मी नेमकी बाईंच्या कागदावर पडले, तीही डाव्या बाजूला, नावांवर. बाई नुकत्याच चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला न हलवता वाचायला सुरुवात केली. चार ओळी झाल्या आणि त्यांचा कप मध्येच थांबला. कोण बोलतंय ते त्यांना कळेना. त्या प्रसंगात एक डॉक्टर होता, एक चोर होता आणि एक ऐंशी वर्षांची म्हातारी होती. पण नावं झाकल्याबरोबर तिघंही एकाच तालात, एकसारखी लांबलचक वाक्यं बोलू लागली होती. बाईंनी लेकीला हाक मारली आणि सपाट आवाजात तीन वाक्यं वाचून दाखवली.

"कोण बोलतंय सांग."

मुलीने थोडा विचार केला. "एकच काकू बोलतेय," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या रुंदीचं सार्थक झालं. सडपातळ पट्टीखाली नावं मावलीच नसती.

दुसऱ्या दिवशी बाई मला कचेरीत घेऊन गेल्या. मुलीला नवी पट्टी मिळाली, तिलाही आनंद झाला. त्यानंतर बावीस वर्षं मी बाईंच्या टेबलावर होते. त्यांनी माझ्यासाठी एक पद्धतच ठरवली. आधी मला नावांवर ठेवायचं. मग डोळे मिटून कागदांवर दहा ठिकाणी पेन्सिलीचे ठिपके द्यायचे. ठिपका ज्या वाक्यावर पडला, ते वाक्य कोणाचं हे ओळखून बाजूला नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. शेवटी मला सरकवायचं आणि किती बरोबर आले ते पाहायचं. दहापैकी सात आले तर प्रसंग मंजूर. कमी आले तर कोपऱ्यात दोन शब्द लिहून कागद परत: 'एकच काकू.'

या दोन शब्दांनी भल्याभल्यांची झोप उडवली. आपल्या एकुलत्या एका मुलीला 'तू माझी एकुलती एक मुलगी आहेस' असं सांगणारे बाप बाईंनी घरी पाठवले. तावातावाने भांडताना व्याख्यान देणाऱ्या सुना परत गेल्या. बाई म्हणायच्या, "समोरच्याला माहीत आहे ते माणूस त्याला सांगत नाही. आणि रागावलेला माणूस वाक्य पूर्ण करत नाही." नवे लेखक हे वहीत लिहून घेत आणि पुढच्या भागात सगळ्यांनाच अर्धी वाक्यं देत. तेही परत जाई.

कचेरीत बाईंना सगळे पट्टीबाई म्हणत. आपण माघारी म्हणतो असं सगळ्यांना वाटायचं, पण बाईंना सगळं माहीत होतं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी निवाडा कधी तोंड पाहून दिला नाही, आणि यात माझा वाटा होता हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नाव दिसलं तर ना तोंड दिसणार. त्या काळात माझी कीर्ती मोठी होती. बाहेरून पाहुणे आले की त्यांना चहाबरोबर मला दाखवत.

आता त्या गोष्टीकडे येते.

आमच्याकडे एक लेखक होते, पन्नाशीचे. ते बोलताना शेवटचं वाक्य कधीच संपवत नसत, म्हणून सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणत. ते एका मालिकेचे संवाद लिहीत होते. एक आई आणि तिची लग्न झालेली मुलगी, दोघी मिळून लाँड्री चालवतात. दिवसभर इस्त्रीसमोर उभं राहून आईचा गुडघा गेलाय. मुलगी म्हणते काम सोड, आई म्हणते नाही. सगळी मालिका येऊन ठेपत होती ती या एका प्रसंगावर, आणि तोच त्यांना जमेना.

पहिल्यांदा त्यांनी दोघींना मोठमोठी वाक्यं दिली. बाईंना दहापैकी तीन ओळखता आली. 'एकच काकू.' दुसऱ्यांदा त्यांनी आईला एकदम अडाणी करून टाकलं. या खेपेला बाईंना दहाच्या दहा आली, तरी कागद परत गेला.

"कालच्या भागापर्यंत ही बाई नीट बोलत होती," बाई म्हणाल्या. "रात्रीतून काय झालं तिला?"

"नाही, म्हणजे तुम्हीच म्हणालात की दोघी वेगळ्या वाटायला, तर मी म्हटलं..."

"वेगळ्या करा म्हटलं. सोंग द्या नाही म्हटलं."

स्वल्पविरामांनी कागद गोळा केले. दारात ते थांबले. "बाई, माय-लेकी आहेत हो त्या. एका घरात वाढलेल्या. थोडं सारखं बोलणारच, नाही का, म्हणजे आपणसुद्धा आपल्या..."

"पट्टीला नाती कळत नाहीत," बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढला.

हे वाक्य ऐकून मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज तसा वाटत नाही.

स्वल्पविराम दारात घुटमळले, त्याला कारण होतं. वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा प्रसंग परत आला तर मालिका दुसऱ्या लेखकाकडे जाईल. अकरा महिने ते त्या दोघींबरोबर राहिले होते. लाँड्रीतल्या इस्त्रीची वायर कुठे चिकटपट्टीने जोडलीय, हेही त्यांना ठाऊक होतं. आता शुक्रवारपर्यंतची मुदत उरली होती.

आमच्या खोलीच्या पलीकडे टायपिस्टताईंची खोली. मध्ये भिंत म्हणून प्लायवूडचा एक तक्ता, तोही वरपर्यंत न पोचलेला. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सगळं ऐकू यायचं. स्वल्पविराम पलीकडे येरझारा घालत तोंडाने संवाद सांगायचे, सगळ्यांचे आवाज काढून, आणि ताई दाराकडे पाठ करून टाइप करायच्या. अठरा वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांचं डोकं आणि बोटं यांची कधीच फारकत झाली होती. कानावर पडलं की बोटं चालायची. एकदा चहावाला "किती कप?" असं विचारून गेला, तर ते वाक्य एका न्यायाधीशाच्या तोंडी छापून आलं होतं.

मंगळवारी दुपारी स्वल्पविराम तिसरा प्रयत्न सांगत होते. आईचं एक वाक्य सांगून ते अडले. मग पाय मोकळे करायला बाहेर गेले. त्याच वेळी अलीकडे, आमच्या खोलीत, बाईंची मुलगी आली.

तिला मी फार दिवसांनी पाहत होते. तीच ती, माझा कोपरा चावणारी. आता तिच्या कपाळावर आठी होती, अगदी बाईंसारखी. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. कागद त्या हळूहळू नाकाजवळ धरू लागल्या होत्या, पण कचेरीत त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मुलीने डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि आईला न्यायला ती खाली गाडी उभी करून आली होती. बाई म्हणाल्या की आज जमणार नाही, चार भाग पडलेत. यावरून जे सुरू झालं ते पंधरा मिनिटं चाललं. आवाज चढला नाही. दोघी शेवटी "बरं" म्हणाल्या, एकामागून एक, आणि मुलगी एकटीच खाली गेली. बाईंनी मला उचलून कागदावर ठेवलं, पण बराच वेळ त्यांनी काही वाचलं नाही.

पलीकडे स्वल्पविराम परत आले. त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"ताई, हे काय? हे मी कधी सांगितलं?"

"तुम्ही नाही सांगितलं. पलीकडून आलं. मला वाटलं, प्रसंगच चाललाय. मग आवाज ओळखला, पण बोटं थांबेनात. पुसून टाकू?"

कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "राहू दे. डोळ्याचा गुडघा करा. भाग आहे तिथे कपडे म्हणा. बाकी काही, म्हणजे एक शब्दसुद्धा..."

वाक्य अर्थातच त्यांनी संपवलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते कागद बाईंच्या टेबलावर आले. मित्रांनो, नावं माझ्याखाली होती, मला सगळं ठाऊक होतं. पण पट्टीला कोण विचारतो? बाईंनी डोळे मिटून दहा ठिपके दिले, पेन्सिल नव्याने टोकदार केली आणि कागद नाकाजवळ धरून वाचायला लागल्या. ठिपके ज्यांवर पडले, त्यांतली काही वाक्यं अशी होती. तुम्हीही ओळखून पाहा.

"जेवलीस का?"

"आरशात बघ जरा, किती वाळलीस."

"मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ."

"विषय बदलू नकोस."

"कधी बघितलंस स्वतःकडे?"

"उगाच माझ्यापायी धावपळ करू नकोस."

पहिल्या दोन वाक्यांपुढे बाईंनी विचारही न करता 'आ' लिहिलं. आईशिवाय हे कोण विचारणार? तिसऱ्यापुढे 'मु', कारण इतका हट्टीपणा तरुणपणीच शोभतो. चौथ्यापाशी त्या अडखळल्या. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटच्यापुढे 'मु'. दहा झाल्यावर त्यांनी मला सरकवलं.

चार बरोबर होती.

"जेवलीस का?" मुलीने विचारलं होतं. "किती वाळलीस" हेही मुलीचंच. धाड भरली नव्हती ती आईला.

बाईंनी उसासा टाकला. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं, कारण स्वल्पविराम त्यांना आवडायचे. पण वीस वर्षांचा नेम होता. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'एकच काकू', आणि कागद न्यायला टायपिस्टताईंना बोलावलं.

ताई आल्या. शेरा वाचला आणि जागच्या हलल्या नाहीत.

"एकच काकू कशी हो बाई? दोघी होत्या ना."

"कोण दोघी?"

"तुम्ही आणि तुमची मुलगी. मंगळवारी. मी जसंच्या तसं घेतलंय. नावंसुद्धा आवाज ओळखून घातली." मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन त्या घाबरल्या. "गुडघा तेवढा माझा नाही. तो स्वल्पविरामांनी घातला."

बाईंनी कागद परत मागून घेतला. या वेळी त्यांनी मला नावांवर ठेवलं नाही. डावीकडचं नाव वाचायचं, मग त्यापुढचं वाक्य, मग पुन्हा नाव, असं करत त्या तिन्ही पानं सावकाश वाचत गेल्या. 'मुलगी: जेवलीस का?' इथे त्या थांबल्या. हे वाक्य मंगळवारी त्यांच्या कानावर पडलं होतं, पण ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडची हजारो वाक्यं तोलणाऱ्या बाईंना स्वतःच्या लेकीचं एक वाक्य तोलता आलं नव्हतं, आणि स्वतःचं तर ओळखताही आलं नव्हतं. मला त्यांची फार दया आली. माझी स्वतःचीही थोडी आली.

स्वल्पविराम दाराशी येऊन उभे होते. पलीकडे ऐकू गेलंच असणार.

"मला विचारायला हवं होतंत," बाई म्हणाल्या.

"हो. चुकलंच माझं. विचारणार होतो, पण म्हटलं तुम्ही नको म्हणाल, आणि मग..."

"नकोच म्हटलं असतं." बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दोघी वेगळ्या वाटत नाहीत."

"नाहीत वाटत, म्हणजे..."

"आणि तरी खोटं कुठे आहे ते मला दाखवता येत नाही."

बाईंनी पेन्सिल उचलली. कोपऱ्यातला शेरा त्यांनी खोडरबरने पुसला नाही, त्यावर एक आडवी रेघ मारली. ती रेघ माझ्या कडेने मारली, सरळ. त्याखाली त्यांनी लिहिलं: 'मंजूर.' आणि त्याखाली, जरा लहान अक्षरात: 'परीक्षक नापास. दहापैकी चार.'

"एवढं तुमच्याजवळ ठेवा," त्या म्हणाल्या. "पुन्हा मी कुणाला 'पट्टीला नाती कळत नाहीत' असं म्हणाले, तर दाखवा मला."

स्वल्पविरामांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. "ठेवतो," ते म्हणाले. इतकं छोटं आणि पुरं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच ऐकलं नव्हतं.

सगळे गेल्यावर बाईंनी फोन उचलला. मला एवढंच ऐकू आलं की त्यांनी आधी "जेवलीस का?" असं विचारलं आणि पलीकडून उत्तर यायच्या आत म्हणाल्या, "हो, मी जेवले. डॉक्टरांची परत वेळ मिळेल का बघ. कधीही चालेल. आजसुद्धा."

पुढची हकिगत थोडक्यात सांगते. बाईंचे डोळे बरे झाले. तो प्रसंग पडद्यावर गेला, आणि तो फार गाजला असं मी म्हणणार नाही, कारण मला माहीत नाही. टीव्ही आमच्या खोलीत नव्हता. कचेरीत हळूहळू कागदच येईनासे झाले. सगळं पडद्यावर वाचायचं. बाईंनी मला एकदा पडद्यावर धरून पाहिलं, पण मी घसरून कळफलकावर पडले आणि एका नायिकेच्या तोंडी सत्तावीस पूर्णविराम गेले. मग कुणीतरी सांगितलं की आता एक बटण दाबलं की नावं झाकली जातात. माझं काम संपलं. वर्षभर मी खणात टाचण्यांबरोबर पडून होते. कुणी माझी आठवण काढली नाही. नव्यांना तर मी काय आहे हेही ठाऊक नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी खण रिकामा केला आणि मला पर्समध्ये घातलं. कोपरा तेवढा बाहेर राहिला. हल्ली त्या लेकीकडे असतात, आणि मीही. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटते, म्हणून तिच्या फटीत मला आडवी बसवली आहे. दीड इंचाची पट्टी इथेही नेमकी बसली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जुन्या पट्ट्या टाकून देऊ नका, त्यांना कुठेतरी काम असतं. आणि माझ्यासारखं काही हाताशी असेल तर नावं झाकून जरूर ऐका, त्याने खरंखोटं कळतं. पण शेवटी पट्टी सरकवून नाव वाचायला विसरू नका. आत्ता माझ्या मागे ओट्यापाशी कुणीतरी विचारतंय, "गोळी घेतलीस का?" आणि कुणीतरी म्हणतंय, "ते राहू दे, तू किती वाळलीस ते बघ." कोण काय म्हणालं ते मला या फटीतून दिसत नाही, आणि ओळखायचं धाडस आता मी करत नाही. तुमच्या घरी मात्र कुणी असं काही विचारलं, तर हातातलं काम ठेवून मान वर करा आणि कोण विचारतंय ते नीट बघून घ्या.